घरून आणायची झोळी

माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या पोरीवर, आरोहीवर, अन्याय झाला. गेल्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी. कंधार तालुक्यातल्या आमच्या गावात. ती चौदा महिन्यांची होती. तिला सांगता येत नाही, म्हणून मी लिहिते.

गावात अंगणवाडीला खोली नाही. गावातल्या बड्या जमीनदाराच्या, मालकांच्या ओसरीवर भरते. वर काटा टांगायचा, त्याच्या हुकाला कापडी झोळी, झोळीत लेकरू. झोळी सरकारी. पण आमच्या भीमनगरातल्या बायांनी झोळी घरून आणायची. वजन सगळ्यांच्या मागून. आमची पाळी येईस्तोवर बाया कामाला निघून जायच्या. दिवसाचा रोज बुडवून कोण थांबणार? मग सेविका अंदाजानं लिहायची. हे कुणी ठरवलं? कुणीच नाही. अख्ख्या गावानं.

त्या दिवशी अक्का थांबली, कारण पोरगी अन्नाला तोंड लावत नव्हती. त्या घोरात झोळी घरीच राहिली. पोळ्याला गावी आले होते, म्हणून मीही सोबत होते.

मालकीणबाई बाजेवर बसलेल्या. "जा, फडकं घेऊन ये," म्हणाल्या.

सेविका म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, नऊ किलो लिहिते."

"नऊ? दहा लिही बाई! गाल बघ की. माय वाळून काडी झाली अन् लेक कशी गुबगुबीत!"

बाया हसल्या. अक्काही हसली. तेच मला लई लागलं.

गाल फुगले होतेच. पायही. पायावर अंगठा दाबला की खळगा पडायचा, भरून यायचा नाही. ती भुकेची सूज होती. चहात बुडवलेलं बिस्कीट आणि वरणाचं पाणी, एवढ्यावर पोरगी. कारण तिची माय दिवसभर ह्याच मालकीणबाईंच्या रानात खुरपायला. अन् वर ह्यांचंच ऐकायचं, "तुमच्या लोकांना लेकरं पोसायची अक्कलच न्हाई."

मी नांदेडला शिकते. पत्रकं वाटते, समतेवर घसा फोडते. आणि त्या ओसरीवर माझा हात काय करत होता? ओढणी सोडत होता. झोळी करायला. ह्यांची झोळी बाटू नये म्हणून. माझाच हात!

थांबले. ओढणी खांद्यावर परत टाकली. आरोहीला उचललं आणि हुकाला होती त्याच झोळीत घातलं.

"ए पोरी! माझा नातू बसतो त्याच्यात!"

"मग ही पण बसंल. बाई, काटा बघा."

काटा साडेसहाला थांबला. सूज धरून साडेसहा.

"काटा बिघडला असंल," सेविका पुटपुटली. थोड्या वेळापूर्वी मालकांच्या नातवाला तोच काटा बरोबर होता.

मालकीणबाईंनी झोळी उकिरड्यावर फेकायला लावली. आम्ही नांदेडची बस धरली. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "अजून थांबला असता तर पोरगी गेली असती."

वाचली. पण अजून भिंत धरूनच चालते. आणि अंगणवाडी अजून त्याच ओसरीवर भरते.

वाचून हळहळू नका. हळहळीनं कुठल्या लेकराचं वजन वाढत नाही. पुढच्या ग्रामसभेत उभे राहा आणि विचारा, आपली अंगणवाडी कुणाच्या ओसरीवर भरते? तिथून उचला. शाळेत आणा, चावडीवर आणा, नाहीतर झाडाखाली भरवा. आणि वजनाच्या दिवशी तुमचं लेकरू उतरलं की लगेच आमचं बसवा. त्याच झोळीत. तुमच्या हातानं.