पालीचा कोनाडा

साऱ्या जबलपुरात पालीच्या अंड्यांसाठी दिवाळीचा रंगारी अडवून धरणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या आत्याच्या नशिबी आला. आतोबांची उभी नोकरी फॅक्टरीत तपासनिसाची. निवृत्त झाल्यावर तपासायला माल उरला नाही, म्हणून त्यांनी दीक्षितपुऱ्यातल्या घरातले जीवजंतू तपासायला घेतले. जेवत्या पाहुण्याला ताटावरून उठवून मोरीतला कोळी दाखवायचे. एकदा त्यांनी मुंग्यांपुढे साखर, गूळ आणि मधुमेहामुळे साखरेऐवजी चहात घालायची स्वतःची गोड गोळी ओळीने मांडली आणि घरातल्या सगळ्यांना भोवती बसवलं. मुंग्या गोळीला वळसा घालून गुळाकडे गेल्या. "जिला मुंगी तोंड लावत नाही, ती मी काहून खावी?" असं ते डॉक्टरांनाही विचारून आले. आत्याने कपाळाला हात लावला.

असा हा माणूस, पण नातीपुढे त्यांनी हात टेकले होते. चिनू रायपूरची. मराठी सगळं समजतं, बोलते हिंदीत. उन्हाळ्यात आली, न्हाणीघरात पाल दिसली आणि पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. "आजोबा के घर छिपकली है, मैं यहाँ नहीं रहूँगी." अर्धी सुट्टी शिल्लक असताना मुलगा-सून तिला घेऊन परत गेले. त्यानंतर आतोबा बरेच दिवस कोळ्याकडेसुद्धा फिरकले नाहीत. ही पोरगी आता येते की नाही, हाच घोर दोघांना लागला होता.

दिवाळीला येतो, असा मुलाचा फोन आला तशी आत्याने रंगकाम काढलं. हॉलच्या कोनाड्यातला फोटो उचलला, तर मागे वाटाण्याएवढी दोन पांढरी अंडी. मी तिथेच होतो.

"फेका बाहेर," आत्या म्हणाली. "पोरगी पुन्हा पळाली ना, तर मी तुमच्याशी बोलणार नाही, सांगून ठेवते."

आतोबा तिच्या झाडूसमोर आडवे उभे राहिले. "तिला मोठी पाल एकदम दिसली, म्हणून भ्याली ती. आता पालीच्या बाळपणापासून पाहू दे ना."

अंडी उचलून दुसरीकडे ठेवा, असं मी सुचवलं. "छे. उलटी झाली तर आतलं पिल्लू मरतं," म्हणाले, आणि कोनाड्याकडे बोट करून रंगाऱ्याला सांगितलं, "भैया, ये आला छोड़ दो."

"बाबूजी, दिवाली में भद्दा दिखेगा."

"दिखने दो."

झालं. अख्खा हॉल पिस्ता रंगाचा आणि मधोमध जुना निळा कोनाडा, ठिगळ लावल्यासारखा.

चिनू आली, अंड्यांचं ऐकलं आणि दोन्ही पाय वर घेऊन दिवाणावर बसली. आतोबांनी जवळ बोलावलं नाही, समजूत काढली नाही. हातात टॉर्च दिला आणि लांबूनच पहारा करायला सांगितलं. घरातल्या प्रत्येकाला काम होतं. कोनाड्याजवळ कोणी उदबत्ती लावत नाही ना, हे मी बघायचं. आत्याच्या वाट्याला धूळ न झटकण्याचं काम आलं, ते तिला सगळ्यात जड गेलं. पहारेकरीणबाई मात्र दिवाणावरून खुर्चीवर आल्या, खुर्चीवरून सतरंजीवर.

भाऊबीजेच्या सकाळी आत्या ताट घेऊन सगळ्यांना हाका मारत होती. चिनू कोनाड्यापाशी उभी होती. अंडं फुटून काडीएवढं पिल्लू बाहेर आलं होतं. चिनूने ओठांवर बोट ठेवलं.

"आजी, हळू बोल ना. ते घाबरून राहिलं."

मराठीत बोलली. आतोबांनी चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले.

आता चिनूचा फोन येतो तेव्हा आधी पालींची चौकशी होते, मग आमची. आतोबांचे गुडघे कुरकुरतात, तरी संध्याकाळी टॉर्च मारून कोनाडा बघून येतात. तिथे आता अंडी नाहीत. दिवाळी सरल्यावर रंगारी राहिलेला कोनाडा रंगवायला ब्रश घेऊन आला, तर आत्यानेच त्याला थांबवलं, "भैया, वो आला रहने दो." उन्हाळ्यात चिनू येणार आहे. या खेपेला पूर्ण सुट्टी.