डॅम्पर बसला तो दिवस

“घाई कायले जी?” असं काकू म्हणाल्या की समजावं, त्यांना आता क्षणभरही दम निघणार नाही. पदर कमरेला खोचायचा, चष्मा कपाळावर चढवायचा, आणि ज्याला घाई करू नको म्हणून बजावलं त्याच्याच खांद्यावरून डोकावायला लागायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण सत्तरीला टेकलेली, आणि तीही जुन्या मोटारीच्या इंजिनात डोकावणारी, मी ही एकच पाहिली.

भंडाऱ्याजवळ शहापूरला हमरस्त्यावर माझं गॅरेज आहे. ट्रक, ट्रॅक्टर, जीप, हेच आमचं रोजचं काम. काकूंचं भंडाऱ्यात लुगड्यांचं दुकान. काका वारल्यावर त्याच चालवत होत्या. एका सकाळी ट्रॅक्टरच्या मागं दोराला बांधलेली मोटार घेऊन त्या माझ्या दारात आल्या. सासऱ्यांच्या काळातली, सहा सिलिंडरची, लांब नाकाची. स्टेअरिंगवर स्वतः काकू. अंगावर आणि मोटारीवर सारखीच धूळ.

“भाऊ, हे चालली पाहिजे. मले हिच्यात बसून नणदेकडे जायचं आहे.”

चहा पिता पिता त्यांनी कारण सांगितलं. नणंदेचं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलं. गाव उठायच्या दिवशी काकांनी बहिणीला शब्द दिला होता, “सामान ट्रकनं जाऊ दे, तुले मी आपल्या मोटारीतून नव्या घरी नेतो.” काका निघाले खरे, पण वाटेत मोटार अशी थरथरायला लागली की दारंखिडक्या वाजू लागल्या. परत फिरावं लागलं. तिकडे नणंद ट्रंकेवर बसून वाट पाहत राहिली आणि शेवटी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरवर चढली. त्यानंतर तिनं माहेरचा उंबरठा ओलांडला नाही. काका वारले तेव्हासुद्धा अंगणातूनच परत गेली.

“इंजन खलास आहे म्हणाला होता तेव्हाचा मिस्त्री,” काकू म्हणाल्या. “तुम्ही पाहा न एकडाव.”

इंजिन खलास नव्हतं. क्रँक म्हणजे इंजिनातला फिरता दांडा; तिच्या पुढच्या टोकावर एक जड चाक असतं. त्याचं नाव हार्मोनिक बॅलन्सर. आम्ही डॅम्पर म्हणतो. आत लोखंडी गाभा, बाहेर लोखंडी कडं, मधे रबर. इंजिन चालताना क्रँकला जे पिळाचे हिसके बसतात, ते या रबरानं गिळायचे. इथं रबराचा भुगा झाला होता आणि कडं जागचं सरकलं होतं. मी काकूंना दाखवलं. त्यांनी तो भुगा चिमटीत धरला, बराच वेळ बघितला.

“एवढ्याशा रबरापायी बहीणभाऊ तुटले काय जी?”

डॅम्पर नवं रबर भरायला बाहेरगावी पाठवला आणि तोवर बाकीचं इंजिन साफ करून घेतलं. पार्सल आल्याचा फोन केला, तर काकू तासाभरात हजर. दुकानात गिऱ्हाईक लुगडी उलगडून बसलं होतं म्हणे, त्याला तसंच बसवून आल्या.

रेडिएटर आधीच काढून ठेवला होता. ऑइल सीलला तेल लावलं, डॅम्पर गरम पाण्यात ठेवला, म्हणजे गाभ्याचं भोक जरासं मोठं होतं. क्रँक फिरू नये म्हणून गाडी गिअरमध्ये टाकली आणि काकूंना ब्रेक दाबून बसायला सांगितलं. लांब बोल्ट क्रँकमध्ये पिळून त्यावरचा नट मी हळूहळू आवळू लागलो. डॅम्पर सरकायला लागला, तोच क्रँकही फिरली.

“काकू, ब्रेक!”

काकू जागेवर कुठं होत्या? माझ्या खांद्याशी उभ्या.

“सरकून राहिला काय जी? हाव, सरकला!”

“तुम्ही बसा हो आधी!”

त्या पळत जाऊन बसल्या. चार आट्यांनंतर नट एकदम जड झाला. डॅम्पर अर्ध्यावर अडकला होता.

“हातोड्यानं एक ठोका मारू काय?” खिडकीतून आवाज आला.

“ठोकलं तर नवं रबर फाटेल. घाई कायले जी?”

काकू खो खो हसल्या. मीही हसलो. पुलर लावून डॅम्पर परत बाहेर काढला. क्रँकच्या खाचेतली चावी, म्हणजे डॅम्पर जागेवर अडकवणारी पोलादी पट्टी, एका टोकाला उचलली गेली होती. ती नीट बसवली, डॅम्पर पुन्हा गरम केला, पुन्हा चढवला. या वेळी तो अलगद, लोण्यात सुरी जावी तसा सरकत गेला आणि शेवटाला टेकला. मधला बोल्ट पाना लावून घट्ट केला, पट्टा आणि रेडिएटर चढवला.

“गिअर काढा आणि मारा सेल्फ.”

इंजिन खोकलं, धुराचा लोट निघाला, आणि मग सहाही सिलिंडर एका सुरात बोलायला लागले. मी वेग वाढवायला सांगितला. काकूंनी वाढवला. दार वाजलं नाही, काच वाजली नाही. काकू उतरून पुढं आल्या, बॉनेटवर दोन्ही तळवे टेकले आणि मोठ्यानं ओरडल्या, “अजी, थरथरत नाही न जी!” समोरच्या टपरीवरचे ड्रायव्हर चहाचे कप घेऊन धावत आले.

“आताच जाऊ,” काकू म्हणाल्या.

वाटेत काही झालं तर असावं म्हणून मी शेजारी बसलो. पवनीच्या रस्त्याला मोटारीनं असा वेग धरला की मीच दाराची कडी घट्ट पकडली.

पुनर्वसनाच्या गावात नणंद ओट्यावर तांदूळ निवडत होती. मोटार दारात थांबली तरी तिनं मान वर केली नाही. काकू खाली उतरल्या.

“बाई, मोटार घेऊन आली मी. तुमच्या भावानं सांगितलं होतं न.”

“लवकर आला माहा भाऊ,” नणंद सुपाकडे बघतच म्हणाली. मग तिचा आवाज फुटला. काकू तिच्याजवळ जाऊन बसल्या. मी मोटारीकडे तोंड करून उभा राहिलो.

थोड्या वेळानं नणंद उठली, मोटारीभोवती एक फेरी मारली, कोपऱ्यात तडा गेलेल्या काचेवरून बोट फिरवलं. म्हणाली, “नव्या घरी तर मी कवाच आली. आता मले माहेरी ने.”

दोघी पुढं शेजारीशेजारी बसल्या, दारं धाडकन लागली आणि मोटार निघालीसुद्धा. मागं मिस्त्री राहिला आहे, हे दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही. मी हाक मारणार होतो. पण मारली नाही. त्या गावच्या रस्त्यावर उभा राहून, इंजिनाचा तो एकसारखा आवाज अगदी ऐकू येईनासा होईपर्यंत ऐकत राहिलो.