माय आणि संडासाची टाकी

सत्तरच्या दशकातल्या त्या उन्हाळ्यात नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरात तीन शहाणी माणसं राहत होती: माझे सासरे, माझा नवरा आणि मी. संडासातली टाकी आम्हा तिघांनाही पुरून उरली. डोक्यावर भिंतीला ठोकलेली लोखंडी टाकी, खाली लोंबणारी साखळी. साखळी ओढली की धो धो पाणी यावं, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. पण ती एक उचकी द्यायची, चूळभर पाणी टाकायची आणि गप्प व्हायची. मग उचला बादली.

एरवी मी चरफडत का होईना, बादली उचलली असती. पण माझी माय घरात होती. मूत्रपिंडातला खडा काढायला तिला गावाहून धंतोलीच्या दवाखान्यात आणलं होतं. कुशीला हा एवढा चिरा आणि त्यावर टाके. ते सुकेपर्यंत तिनं आमच्याकडे राहायचं ठरलं होतं. वजन उचलायचं नाही आणि पाणी भरपूर प्यायचं, नाहीतर खडा पुन्हा होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

माय जुन्या वळणाची. लेकीच्या घरचं खायचं नाही म्हणून येतानाच ज्वारीचं पीठ आणि तुरीची डाळ बांधून घेऊन आली होती. मी तिच्याच पिठाच्या भाकरी तिला करून घालत होते. खाण्याचा प्रश्न तिनं असा मिटवला, पण बादलीचा कसा मिटवणार? मी ऑफिसात गेले की घरात उरत जावई आणि व्याही. ह्यांची दुपारपाळी होती. पहिल्याच दिवशी हे भल्या मनानं तिच्यामागून बादली घेऊन गेले आणि ओतून आले. माय खोलीत आली, भिंतीकडे तोंड करून निजली, ती दिवे लागेपर्यंत उठली नाही. सासूच्या मागे जावयानं संडासात पाणी ओतायचं! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्या दिवसापासून तिनं पाणीच सोडलं.

"माय, पाणी घे."

"मले तहान नाही वं."

मे महिन्यात, नागपुरात, तहान नाही! दारंखिडक्या लावून घेतल्या तरी भिंती भाजून निघत होत्या. मी पाण्याचा ग्लास तिच्या हातात देऊनच ऑफिसला निघायची, परत यायची तो ग्लास रिकामा. मला वाटे, पीत असेल. एके संध्याकाळी तिच्या खिडकीखालच्या मोगऱ्याच्या कुंडीकडे लक्ष गेलं. अंगणातली बाकीची झाडं कोळपलेली आणि हा मोगरा हिरवागार, कळ्यांनी भरलेला. मामाजी, म्हणजे माझे सासरे, तर दोन दिवसांपासून त्याचं कौतुक करत होते. मला हसावं की रडावं कळेना.

मी ह्यांच्या मागे लागले, टाकी दुरुस्त करा. ह्यांनी आधी साखळी बदलली. मग वायसर बदलला. मग आतली घंटेसारखी लोखंडी वाटी गंजली असं ठरवून गांधीबागेकडून नवी आणून बसवली. टाकीची उचकी कायम. शेवटी नळवाल्याला बोलावलं. तो स्टुलावर चढला, आत डोकावला आणि म्हणाला, "पाणीच भरून नाही राहिलं हिच्यात." टाकीत पाण्यावर तरंगणारा गोळा असतो, त्याची दांडी त्यानं वर वाकवली. टाकी काठोकाठ भरली, साखळी ओढली, आणि असा गडगडाट झाला की माय खोलीत उठून बसली. त्या संध्याकाळी तिनं अर्धा पेला पाणी घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उचकी.

"लुटारू साला!" हे नळवाल्यावर भडकले. मग स्वतः चढून दांडी वर वाकवली. एक दिवस बरा गेला. मग दांडी पुन्हा खाली.

"लोखंडाची दांडी आपोआप वाकते कशी?" मी विचारलं.

"घिसली असंन," पेपरातून डोकं न काढता मामाजी म्हणाले.

आमचं असं सगळं रोग रेड्याला आणि औषध पखालीला चाललेलं असताना मायला तपासणीसाठी दवाखान्यात नेलं. तिची लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. डॉक्टर माझ्यावरच कडाडले, "पाणी पाजत नाही का यांना? पुन्हा चिरावं लागेल, सांगून ठेवतो." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. काय सांगणार होते, आमच्या टाकीची कथा?

रिक्षात माय म्हणाली, "उद्या मले गावाले धाडून दे. तिथं मोकळं वावर हाय."

"टाके ओले हायेत माय! एसटीचे धक्के सोसतीन का?"

"सुकतीन तिकडं." ती बाहेर बघत म्हणाली. मला तिचा राग आला, टाकीचा आला, आणि या दोघींच्यामध्ये काहीच करता येत नाही म्हणून स्वतःचाही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ यायच्या वेळेला मी हंडा घेऊन निघाले. संडासाचं दार उघडं होतं. आत मामाजी स्टुलावर उभे, हात कोपरापर्यंत टाकीत.

"मामाजी, हे काय करून राहिले तुम्ही?"

ते अजिबात दचकले नाहीत. "दांडी थोडी खाली करून राहिलो. भरली टाकी म्हंजे एका खेपेले बादलीभर पाणी जाते. उन्हाळा हाय पोरी. अर्ध्या टाकीत काम होते."

"कुठं होते काम? अर्ध्या टाकीत ते पाणी ओढतच नाही! साखळी ओढून ओढून हात दुखते आन वरून बादल्या ओता लागते. वाचलं कोणतं पाणी?"

"मले शिकवू नको."

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "तुमच्या अर्ध्या टाकीपायी माझी माय पाणी पिऊन नाही राहिली मामाजी! जवायानं तिच्यामागं बादली ओतली म्हणून तिनं पाणी सोडलं. डॉक्टर म्हणते, पुन्हा चिरा लागन. आन ती ओल्या टाक्यानं आज गावाले जातो म्हणते!"

पलीकडच्या खोलीत माय ऐकत असणार. ऐकू दे, म्हटलं.

मामाजी स्टुलावर तसेच उभे राहिले. "मले काहून नाही सांगितलं कोणी?"

"ती सांगन तुम्हाले?" त्यांची चाहूल लागली तरी डोक्यावरचा पदर सावरणारी बाई ती.

ते वळले, पुन्हा टाकीत हात घातला आणि दांडी पार वरपर्यंत वाकवली. टाकी भरेपर्यंत स्टुलावरच थांबले. मग खाली उतरून साखळी ओढली. पाणी धडाधडा आलं. एवढं पाणी जाताना पाहून त्यांना काय वाटलं असेल ते मला ठाऊक होतं. बाहेर येऊन त्यांनी टोपी घातली, चपला घातल्या आणि ह्यांना हाक मारली.

"चाल गा, बाहेर चाल."

"एवढ्या सकाळी? कुठं?" हे अजून चहाच घेत होते.

"कुठंई. चाल म्हनलं ना." आणि मायच्या खोलीच्या दिशेनं, नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमी दोघंई जेवालेच येऊ. तोवर घरात पुरुषमाणूस नाही."

फाटकाची कडी वाजली. मी स्वयंपाकघरात उभी राहिले, मुद्दामच हाक मारली नाही. बऱ्याच वेळानं माय भिंत धरत धरत संडासात गेली. साखळीचा आवाज आला आणि मागोमाग तो गडगडाट. मग बराच वेळ शांतता. टाकी भरेपर्यंत ती आत थांबली असावी, कारण तोच गडगडाट पुन्हा झाला.

ती बाहेर आली, पलंगावर टेकली आणि मला म्हणाली, "पाणी आन वं."

मी पेला भरून नेला. तिनं तो नुसता पाहिला आणि परत दिला.

"यानं काय होते? गडवा आन भरून."

मी तांब्या काठोकाठ भरून आणला. तिनं तो वरून ओतत घटाघटा रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा माझ्यापुढे धरला.