तिला जागं ठेवायची गीतं

रविवारी दुपारी बायकोला साप चावला. मळवलीत ज्या बंगल्याची आम्ही राखण करतो, तिथं पोहण्याच्या टाकीच्या मोटारीवर ताडपत्री टाकलेली असते. ती उचलताना तिच्या उजव्या हाताच्या बोटाला नाग डसला. फणा मी डोळ्यांनी पाहिला.

शेजारचे आबा भाताच्या खाचरातून तसेच चिखलाच्या पायांनी धावत आले. "आमच्यात आधी देवळात नेत्यात," ते म्हणाले. आम्ही ख्रिस्ती माणसं, त्यात परगावची. त्यांना नाही कसं म्हणायचं? पण तेच पुढं म्हणाले, "थोरल्या भावाला तितंच बसवलं व्हतं. उठला न्हाई. चल, गाडी काढतो."

त्यांच्या दुधाच्या टेम्पोत तिला मधे बसवलं. रेल्वेचं फाटक बंद. ते उघडलं, तर हायवेला लोणावळ्याकडं निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या एकीला एक लागून उभ्या. तिच्या पापण्या खाली यायला लागल्या.

"तिला झोपू देऊ नको. बोलत ऱ्हा," आबा हॉर्न दाबत ओरडले.

काय बोलू? मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, बोलण्यात आधीच कच्चा. जे तोंडपाठ होतं तेच निघालं: गीतं. जालन्याकडं आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी वारलं की कबर खणायला मी आणि गीत धरायलाही मीच. त्यामुळं पाठ झालेली सगळी स्वर्गातल्या घराची, तिथल्या भेटीची. एक संपलं, दुसरं धरलं. तिसऱ्याला ती जड जिभेनं म्हणाली, "अहो... मला पुरताय का?"

आबांना तशातही हसू आलं. "लेका, लग्नातलं म्हण की एखादं!"

आठवेना. खरंच एकही आठवेना. मग तीच पुन्हा. आबांना शब्द येत नव्हते, पण स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरला, मधेच खिडकीतून हात काढून "पेशंट हाय, सरका!" म्हणून ओरडत.

दुसऱ्यांच्या कबरीपाशी ही गीतं म्हणताना माझा आवाज कधी कापला नव्हता. आता त्या घराच्या दारात माझंच माणूस उभं होतं आणि मला ते दार बंद हवं होतं. घर खोटं वाटलं असं नाही. खरं वाटत होतं, म्हणूनच धास्ती. ती आनंदानं गेली असती.

दवाखान्यात तिला आत नेलं, सापाच्या विषावरचं इंजेक्शन लावलं. श्वास लागला म्हणून घशात नळी घातली. बाहेर मी भिंतीला डोकं टेकून एवढंच म्हणालो, "प्रभू, तुझ्याकडं तिला जागा आहे, मला ठाऊक आहे. पण आज नको."

आबांनी टोपी काढून हातात धरली होती. "झालं का?"

"झालं."

"मंग च्या घे. दुपारपासनं पोटात काय न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले. नळी काढल्यावर पहिलं पाणी मागितलं. बोटाचं मांस काळं पडलं होतं, पुढं ते पेरापासून काढावं लागलं.

"गीतं ऐकू येत होती," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मला नव्हती भीती. तुमचीच काळजी. तुम्हाला धड भाकरी थापता येत नाही."

मला हसू येईना, रडू येईना. मान खाली घालून आधी देवाचे आभार मानले, आणि लगेच तिच्या कपाळावर हात ठेवून ताप आहे का ते पाहिलं.