दोर आत येऊ द्या

नागम्माअक्का गेल्याचं तिच्या नातवाने फोनवर सांगितलं तेव्हा मी लातूरला घरी सकाळचा चहा घेत बसलो होतो. "आजोबा, अक्का गेली. शेवटपर्यंत बोलायलती," तो म्हणाला. काय बोलत होती विचारलं, तर म्हणे, "डॉक्टरला म्हणली, तुझी सुई बोथट हाय, बदल." मला रडू यायच्या आधी हसू आलं. नव्वदीला टेकलेली बाई जाता जातासुद्धा सरकारी दवाखान्याचा मुआयना करून गेली. मुआयना म्हणजे तपासणी. आमच्या निजामी अमदानीतला शब्द. मी जिथे नोकरी केली त्या दवाखान्याच्या मुआयन्याला हैदराबादहून मोठे साहेब यायचे, पण माझ्या मते त्या दवाखान्याचा खरा मुआयना एकाच माणसाने केला, आणि तो तिने फाटकाच्या आत उभं राहून केला. ती गेल्याला महिना होऊन गेला, आता लिहायला बसलोय.

बसवकल्याणला तेव्हा नुसतं कल्याणी म्हणत. तिथून मंठाळकडे जाताना एका गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे, महारोग्यांचा सरकारी दवाखाना होता. चार भिंती, खोल्यांच्या दोन ओळी आणि एक लोखंडी फाटक. मी तिथे ड्रेसर, म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा. नोकरी लागल्याचं कळल्यावर आईने गूळ वाटला, आणि कुठे लागली ते कळल्यावर अंथरूण धरलं. नागम्माअक्का त्याच गावची, शेतकरी लिंगायत घरातली विधवा. अंगावर चट्टे उठले तेव्हा दिराने तिला गाडीत घालून फाटकाशी आणून सोडलं. मुलगा शिवलिंग तेव्हा लहान, गाडीमागे पळत ओढ्यापर्यंत आला होता. पुढे तो आला नाही. खरं म्हणजे येऊ दिला नाही. घरच्यांनी गावात सांगितलं की ती औरादला माहेरी गेली. हे माहेर म्हणजे आमचा दवाखाना, हाकेच्या अंतरावर, ओढ्याच्या पलीकडे, आणि सगळ्या गावाला ठाऊक... पण बोलायचं कोणी? अक्काच्या बोटांची जाणीव गेली होती. पट्टी बांधताना मी हळू हात लावला की धाकट्या भावाला बोलावं तसं म्हणायची, "कामून भितोस, तम्मा? हात गेलेत, जीभ न्हाई गेली."

दवाखान्याचा मोठा कायदा एकच. रोग्याने फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. बाकी सरकारने कशाची कमतरता ठेवली नव्हती, निदान कागदावर. चालमोगऱ्याच्या तेलाची सुई होती, ज्वारी-डाळ होती आणि प्रार्थनेची सोयसुद्धा होती. मुसलमान रोग्यांसाठी जुम्म्याला मौलवीसाहेब यायचे, आमच्यासाठी सोमवारी जंगम अय्या. दोघेही फाटकापासून चांगले लांब, लिंबाखाली बसायचे. अय्या तिथूनच शंख फुंकायचे आणि भस्माची पुडी आत फेकायचे. ती कधी गटारात पडायची. अक्का ओरडून विचारायची, "अय्या, तुमच्या शंखाला बी रोग लागतो का?" अय्या बिचारे भले माणूस होते, मान खाली घालून पुढचा मंत्र म्हणायचे.

वर्षातून एकदा गावच्या वीरभद्राचा रथ निघायचा. देवळापासून निघून ओढ्याकाठच्या वडापर्यंत यायचा आणि तिथून वळून परत. आमच्या फाटकातून वडाच्या फांद्यांमधून कळस दिसायचा. आमची माणसं बादल्या पालथ्या घालून त्यांवर उभी राहून हात जोडायची. अक्का मात्र कळसाकडे बघायची नाही, दोर ओढणाऱ्यांकडे बघायची. "त्यो तांबड्या पटक्याचा... त्यो माझा शिवा." एवढ्या लांबून माणूस ओळखता येत नाही असं मी एकदा म्हणालो. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तुला येत न्हाई. तू त्याची आई हायस का?"

असाच एक मुआयना ठरला. आठवडाभर भिंतींना चुना, पेटीतल्या कोऱ्या चादरी खाटांवर, अंगणात पाणी. साहेब स्वतः डॉक्टर होते, उंच, चष्म्याचे, कमी बोलणारे. खोल्या बघितल्या, दवा बघितली, आणि शेवटी आमच्या दारोगाला विचारलं, "इबादत का इंतजाम?" दारोगा म्हणजे दवाखान्याचा मुख्य कारभारी. तो झुकून म्हणाला, "सब ठीक है, हुजूर."

"ठीक न्हाई," मागून आवाज आला.

दारोगाचा चेहरा चुन्यासारखा झाला. "हुजूर, इसकी जबान लंबी है."

"बोलने दो," साहेब म्हणाले.

अक्का पुढे आली. पदराने हात झाकून घ्यायची तिला सवय होती, त्या दिवशी तिने ते उघडे ठेवले. "साहेब, आमचा देव वर्षातून एक डाव चालत येतो. त्या वडापस्तोर येतो अन् माघारी जातो. गावात सगळ्याचा हात दोराला लागतो, आमचा लागत न्हाई. मंग ही कसली सोय?"

साहेबांनी कायदा सांगितला, पण कठोरपणे नाही. रोग्याला फाटकाबाहेर जाता येत नाही, हे त्यांनाही बदलता येत नव्हतं.

"आमी कुठं बाहेर येतो म्हणायलाव? आमी हितंच. तुमी दोर आत येऊ द्या."

साहेबांनी फाटकाकडे बघितलं. मग हसले, आणि त्या माणसाला हसता येतं हे आम्हाला पहिल्यांदाच कळलं. "दारोगासाहब, कानून में दोर के बारे में कुछ लिखा है?" दारोगाने मान हलवून नाही म्हटलं. साहेबांनी तिथेच, माझ्या पट्ट्यांच्या टेबलावर, हुकूम लिहिला: प्रार्थनेच्या सोयीसाठी रथाचा दोर आत घेण्यास हरकत नाही, गावाची राजी असल्यास.

गावाची राजी, इथेच खरी मेख होती. साहेब स्वतः चावडीवर गेले, मलाही बरोबर नेलं. साहेबांनी सगळं समजावून सांगितलं. अखेर एक म्हातारा बोलला, "साहेब, तुमचं खरं असंल. पण दोरातून रोग चालत आला तर?" साहेबांनी माझा हात धरून पुढे केला. "हा रोज त्यांच्या जखमा धुतो. बघा." आणि अख्ख्या चावडीने माझे हात उलटेपालटे करून बघितले. कोणी नखं बघितली, कोणी चिमटा काढून दुखतं का विचारलं. माझ्या लग्नातसुद्धा मला कोणी एवढं निरखून बघितलं नव्हतं. शेवटी तो म्हातारा म्हणाला, "न्हाई, पोरगं धडधाकट हाय," आणि वातावरण सैल झालं. वीरभद्राचे पुजारी म्हणाले, "देव सगळ्यांचा हाय. दोर जाऊ द्या." मी त्या वेळी शिवलिंगकडे बघत होतो. तांबडा पटका, आईसारखंच कपाळ. शेजारी त्याचा काका, अक्काचा तोच दीर, बसला होता, आणि शिवलिंग जमिनीकडे बघत राहिला.

रथाचा दोर वडापर्यंतच पुरणारा होता. पुढचा तुकडा गावाने जमवायचा ठरला. घराघरातून मोटेचा एकेक नाडा आला. नाडा म्हणजे विहिरीतून मोट ओढायचा जाड दोर. उन्हाळ्यात नाडा सोडून देणं म्हणजे एक दिवस मळा तहानलेला ठेवणं, तरी लोकांनी दिले. देवळासमोर ते ओळीने टाकून लोकांनी पायांनी मापले. पुरतील म्हणाले, वर उरतील. अक्काच्या घरचा नाडा त्यात नव्हता. मी पट्टी बांधताना तिला ते सांगितलं नाही, पण तिने विचारलंच, "आमच्या हिरीचा आला का?" मी पट्टीची गाठ मारण्यात गुंतल्यासारखं केलं. ती म्हणाली, "बरं," आणि त्या दिवशी पुढे एक शब्द बोलली नाही. अक्का गप्प बसलेली मी तेवढीच बघितली.

जत्रेच्या दिवशी रथ वडाच्या थोडा मागेच, गावाच्या बाजूला थांबला. हलगी थांबली, नारळ फुटले, आणि जमवलेले नाडे एकमेकांना बांधून रथाच्या दोराला जोडले. माणसं टोक घेऊन ओढा उतरून आमच्याकडे निघाली. आमची सगळी माणसं फाटकाशी. कोणी कोपरात दोर धरायच्या तयारीने, कोणी कमरेला पंचा गुंडाळून. आमच्यातले मुसलमान रोगी कासिमचाचा सगळ्यांच्या पुढे, दारोगाने हटकलं तर म्हणाले, "खींचने को क्या मजहब लगता?" आणि टोक ओढ्याच्या अलीकडच्या काठावर येऊन थांबलं. ताणलं, झटकलं, तरी फाटक लांबच. मापणाऱ्यांनी नाडे मापले होते, गाठी कोणी मापल्या नव्हत्या. प्रत्येक गाठीने हातभर दोर खाल्ला होता. सगळा गाव शेतकऱ्यांचा, जन्मभर गाठी मारणारा, आणि नेमकं हेच विसरला. टोक धुळीत पडून राहिलं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली, आणि काही जणांच्या तोंडावर मला सुटका दिसली. देवाचीच इच्छा नाही, असं कोणीतरी पुटपुटलंही.

तेवढ्यात गर्दीतून तांबडा पटका निघाला आणि ओढ्याच्या कडेने पळत सुटला. काका मागून हाका मारत होता. अक्काच्या शेजारची बाई म्हणाली, "पळाला गं." अक्का त्या पटक्याकडे बघत राहिली. तो परत आला तेव्हा खांद्यावर नाडा होता, विहिरीवरून आत्ताच सोडलेला, पाणी गळणारा. धुळीतल्या टोकाला त्याने गाठ मारली, दुसरं टोक घेऊन थेट फाटकाशी आला आणि गजांतून आत दिलं. मध्ये फाटक, एका बाजूला तो, एका बाजूला ती. इतक्या वर्षांनी आईने लेकाला पहिला प्रश्न विचारला, तो असा:

"गाठ नीट मारलास का?"

"व्हय, अव्वा. तूच शिकिवली होतीस... वासराच्या दाव्याची."

अक्काने दोर दोन्ही कोपरांत धरला. हाताला काही कळेना, म्हणून तिने मान वाकवून तो गालाला लावला. शिवलिंगने गजांबाहेर तोच दोर धरला. वडापाशी हलगी पुन्हा सुरू झाली, आणि दोर ताणला गेला. मागे माझ्यासकट सगळे ओढत होतो, जखमा-पट्ट्या कोणाला आठवत नव्हत्या. आधी काहीच हललं नाही. मग तिचा गाल दोराबरोबर जरासा मागे सरकला आणि ती म्हणाली, "आला. रथ आला." तांबड्या पटक्याच्या डोक्यावरून, वडाच्या फांद्या बाजूला सारत, कळस आमच्याकडे यायला लागला. दोर हात हात आत येत होता, आमच्या अंगणात त्याचा ढीग साठत होता, आणि पलीकडे सगळा गाव तोच दोर धरून होता. एकानेही हात सोडला नाही. तिच्या काकुळतीवर नाही, तिच्या हट्टावर ते झालं, आणि त्या दिवसाइतका आनंद मला पुढे आयुष्यात कशाचाच झाला नाही. अय्यांनी तर लिंबाखालची जागा सोडली. फाटकाला चिकटून शंख फुंकला, आणि भस्म हाताने लावलं.

पुढे दर वर्षी दोर आत आला, गाठींचा हिशेब धरून. शिवलिंग दर सोमवारी फाटकाशी यायला लागला. निजामी गेली, नवीन गोळ्या आल्या, अक्का बरी झाली, आणि लेकाने गाडी जुंपून तिला घरी नेलं. गावाने विचारलं तर म्हणाली, "माहेरून आले." सगळे हसले, काकाही.

परवा मी तिच्या खोलीत जाऊन आलो. कोपऱ्यात तिची काठी, कोनाड्यात लिंगपूजेचा तांब्या. मोटा बंद पडल्यावर शिवलिंगने त्या दिवशी आणलेला तो नाडा तिच्याच खोलीत बांधला होता, एक टोक आतल्या खुंटीला, दुसरं खिडकीतून बाहेर अंगणातल्या खांबाला, गोधड्या वाळत घालायला. उन्हाने, हातांनी तो मऊ झालाय. खोलीत कोणी नव्हतं. मी वाकलो आणि तो गालाला लावून बघितला... म्हातारपणी माणूस असलं काहीतरी करतो. बाहेर शिवलिंगची सून ओली गोधडी टाकत असावी. दोराला एकदम ओढ बसली.