गाईबरोबर दिलेला माणूस

आमच्या मूळपुरुषाला लोक ‘राजाचा जावई’ म्हणायचे. राजानं त्याला मुलगी दिली नव्हती, एक गाय दिली होती, तीही फक्त सांभाळायला. पांढरीशुभ्र, कानांच्या कडा काळ्या, शिंगं मागं वळलेली. त्या जातीचं जनावर साऱ्या राज्यात राजाखेरीज कुणाच्या दावणीला नसायचं. चुकून एखाद्याच्या गाईला तसलं वासरू झालंच, तर वासरू राजवाड्यात आणि मालक कोठडीत. मेलेल्या गाईचं कातडंसुद्धा राजाचं. शेण तेवढं त्यानं रयतेवर सोडलं होतं, हे त्याचे उपकार.

प्रत्येक गाईला एक गवळी ठरलेला. धार काढताना तो आपली अशी एक चाल गुणगुणायचा, ती ऐकूनच गाय पान्हा सोडायची. दुसरा कुणी बसला की पान्हा चोरायची. यात गाईचा हट्ट कमी आणि गवळ्यांचा कावा जास्त. पहिल्या वेतापासून ते तिला दुसऱ्या हाताची सवयच लागू देत नसत. आपल्यावाचून गाय अडली की नोकरी पक्की, एवढा सरळ हिशेब. आमचा जावई या कलेत सगळ्यांचा बाप होता. “मी आजारी पडलो तर राजाला लोणी मिळायचं नाही,” असं तो बायकोला ऐकवायचा.

“राजाचं राहू द्या,” ती म्हणायची. “आपल्या घरात थेंब तरी येतो का?”

येत नव्हता. हाताला वास आणि जिभेला पत्ता नाही.

आणि एकदा तो खरंच तापानं अंथरुणाला खिळला. बापाची नोकरी जाईल या भीतीनं त्याची मुलगी, लग्नाच्या वयाची, त्याची बंडी चढवून गोठ्यात गेली आणि त्याचीच चाल गुणगुणत धारेला बसली. गाईनं चरवी भरून दिली. बरा झाल्यावर बाप हे ऐकून खूश होईल असं तिला वाटलं होतं. त्यानं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला, “कुणाला सांगू नकोस.”

पुढं शेजारच्या राजाशी तह झाला आणि भेट म्हणून हीच गाय द्यायची ठरली. न्यायला आलेला दूत पक्का व्यवहारी होता. गोठ्यात उभा राहून म्हणाला, “आमच्याकडे जाऊन दूध दिलं नाही तर? आमचा माणूस आधी धार काढून बघेल.” त्या माणसाला गाईनं लाथ दाखवली. गोठ्यातले बाकीचे गवळी एकेक करून बसले नि उठले. चरवीचा तळसुद्धा ओला झाला नाही.

“मग ज्याला दूध देते तो माणूसही द्या,” दूत म्हणाला.

“न्या की,” गोठ्याचा कारभारी म्हणाला. वर दावंही न्या, असं म्हणावं इतक्या सहज.

मुलगी चारा घेऊन तिथंच बापाशेजारी उभी होती. बाप जाणार आणि कायमचा जाणार, हे तिला कळलं. तिनं आपल्या परीनं सरळ विचार केला, की गाय दुसऱ्या कुणालाही दूध देते हे दिसलं म्हणजे बापाला न्यायची गरज उरणार नाही. ती पुढं झाली. “मी बसून बघू का?”

दूतानं मान डोलावली. ती बसली, गुणगुणू लागली. गाईनं अंग सैल सोडलं, सड तटतटू लागले. आणि बापाला पुढचं सगळं दिसलं. गाय जिला दूध देईल तिलाच ते नेणार होते. त्या गाईवर त्यानं आयुष्यात बोट उगारलं नव्हतं. त्यानं पुढं होऊन गाईच्या थोबाडावर सणसणीत हाणली. गाय बिथरली, चरवी उडाली, पान्हा जागच्या जागी आटला. मुलगी शेणात पडली.

“राजाच्या गाईवर हात टाकतोस?” कारभारी म्हणाला.

“माशी बसली होती,” बाप म्हणाला. “आणि या पोरीला कुठं काय येतंय? उगाच मधे मधे करते.”

मग तो स्वतः बसला. नुकताच मार खाल्लेल्या गाईनं त्याचं गुणगुणणं ऐकलं आणि पान्हा सोडला. आमच्या घरात ही गोष्ट सांगणारा प्रत्येक जण इथं थांबतो. मला तर त्या गाईचा रागच येतो. निदान त्या दिवशी तरी तिनं त्याला नाकारायला हवं होतं.

गाईला मारल्याबद्दल फटके द्यायचे का, असं कुणीतरी विचारलं. “आता तो त्यांचा,” कारभारी म्हणाला, “फटके त्यांनीच मारावेत.” निघताना दवंडीवाल्यानं भेट पुकारली. गाय, वासरू, चांदीची घंटा, गवळी एक. मुलीची पाठवणी करायची, तर बापाचीच पाठवणी झाली.

तिकडून गवळ्याची खबर कोण आणणार? गाईची मात्र यायची. दर हिवाळ्यात मिठाचे व्यापारी त्या वाटेनं येत. मुलीचं लग्न झालं, पोरं झाली, पण दरवर्षी ती त्यांच्या तळावर जाऊन एकच विचारायची, “आमच्या राजाची गाय दूध देते का हो?” लोकांना तिच्या राजनिष्ठेचं कौतुक वाटायचं. व्यापारी “देते की” म्हणाला, की ती तडक आईकडे जायची आणि सांगायची, “बाबा बरे आहेत.”

एका हिवाळ्यात व्यापारी खुशीत होता. “झकास आहे तुमची गाय. नुकतीच व्यालीय, कास ही एवढी. पण काय बिनसलंय कोण जाणे, कुणालाच पान्हा सोडत नाही. सगळे बसून थकले.”

ती आईकडे आली. आई चुलीपुढं होती. तिनं मागं न बघताच नेहमीसारखं विचारलं, “देते ना गं?”

“कुणालाच देत नाही,” मुलगी म्हणाली, आणि आईच्या गळ्यात पडून रडली.