काकांचं सुखी कुटुंब

आईनं पेठ तालुक्यातल्या आमच्या पाड्यावरून नागलीच्या भाकरी आणल्या होत्या. फडक्यात बांधून. वसतिगृहाच्या काकांनी त्या दोन बोटांनी उचलल्या आणि संस्थेच्या गाईपुढे टाकल्या. पाहुण्यांसमोर. आईसमोर.

मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हिला आता असलं चालत नाही. हो ना गं?"

मी सातवीत होते. म्हणाले, "हो काका."

पाहुणे हसले. आईही हसली, कारण सगळे हसत होते. "कशी हायेस पोरी?" एवढंच तिनं मला विचारलं. काका म्हणाले, "शुद्ध बोला तिच्याशी. आम्ही मेहनत घेतलीय." त्यानंतर एसटीची वेळ होईपर्यंत आई रिकाम्या फडक्याच्या घड्या घालत राहिली.

गंगापूर रोडच्या पुढे, द्राक्षबागांमध्ये ही संस्था. आदिवासी मुलींचं वसतिगृह. चालवणारे काका शहरातल्या मोठ्या घरातले. खोटं बोलणार नाही, पोटभर जेवण होतं. स्वच्छ गादी. आजारी पडलं की डॉक्टर. कुणी हात उगारत नव्हतं. आमच्या पाड्यावर यातलं काहीच नव्हतं. "इथं भांडण नाही, चोरी नाही, रडणं नाही," काका पाहुण्यांना सांगायचे. खरंच नव्हतं. गोठ्यात तरी कुठं असतं?

केस किती ठेवायचे, काय वाचायचं, आईनं कधी यायचं, सगळं काका ठरवत. दोघी मुली फार जवळ आल्या की त्यांच्या खोल्या बदलत. का, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही. स्वतः काही ठरवायचं नसलं की डोकं हलकं राहतं. लाज वाटावी इतकं हलकं.

बारावीचा निकाल लागला. काकांनी ऑफिसात बोलावलं. "तुझं नर्सिंगचं नक्की केलंय. मुलगाही पाहून ठेवलाय. निर्व्यसनी आहे."

"मला वकिली शिकायचीय, काका."

ते रागावले नाहीत. माणूस माणसावर रागावतो. ते हसले. शेजारी बसलेल्या पाहुण्या बाईंना म्हणाले, "ऐकलंत? मला, म्हणे. या लोकांना हे 'मला' कुठून आलं?"

या लोकांना. सकाळच्या प्रार्थनेपर्यंत मी त्यांची लेक होते.

गाईपुढची ती भाकरी आठवली. आणि माझं ते 'हो काका'. किळस आली. त्यांची आली, माझी जास्त आली.

"मी जाते," मी म्हणाले.

"बाहेर बरबाद होशील."

"होईन."

झाले थोडी. सातपूरच्या कारखान्यात पॅकिंग केलं. पत्र्याच्या खोलीत राहिले. वकिलीच्या पहिल्याच वर्षी नापास झाले. हौसेनं निवडलेला नवरा पिणारा निघाला. मीच निवडला होता, मीच सोडला. काकांचा फोन आला, "ऐकलं असतंस तर?" त्यांना माझ्या दुःखाचा केवढा आनंद. सनद मिळाली, उशिरा मिळाली. तेव्हा फोन आला नाही.

काल संस्थेतली एक मुलगी बॅग घेऊन माझ्या दारात आली. अठरा पूर्ण झालेली. तिचंही लग्न काकांनी ठरवलंय. ती टेकते न टेकते तोच त्यांचा फोन. आवाज अजून तसाच, तुपात घोळलेला.

"तिला परत पाठव. तिचं भलं कशात आहे हे तिला कळत नाही."

"चुकली तर ती निस्तरेल."

"आम्ही इथं स्वर्ग उभा केलाय. तू तो मोडतेयस."

"हो. मोडतेय."

उद्या पोलीस घेऊन येणार आहेत म्हणे. येऊ देत. काय बोलायचं ते मी पोरीला शिकवलेलं नाही, शिकवणारही नाही. परत जाते म्हणाली, तर तिची बॅग मीच उचलीन आणि रिक्षात बसवून देईन. पण तिच्या तोंडून ते निघाल्याशिवाय तिला माझ्या उंबऱ्याबाहेर कुणी नेणार नाही. काका नाहीत, पोलीस नाहीत, तिचे आईबापही नाहीत.